हाताजोगे सुकाणू

आदिलाबाद जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या बंदरातून पाहिले तर तो जिल्हा शेकडो मैल आत, सागवानाच्या जंगलांत आणि कापसाच्या काळ्या रानांत वसलेला आहे. नौकेच्या सुकाणूविषयी लिहिताना त्या जिल्ह्याचे नाव आधी घ्यावे, हे आमच्या किनारपट्टीवरील वाचकांस थोडे चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. परंतु त्या जिल्ह्याची उत्तर सीमा बव्हंशी पैनगंगेने आखलेली आहे. नदीच्या या तीरावर यवतमाळ, त्या तीरावर आदिलाबाद. जैनथ, बेला, भीमपूर या सीमेवरील मंडलांतून मराठी ही आजही अनेक घरांतील बोलीभाषा आहे. सोयरिकी दोन्ही तीरांवर होतात, आणि आठवड्याच्या बाजाराला राज्याची सीमा ठाऊक नसते. २०१६ साली तेलंगण शासनाने जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे केले. त्या जुन्या जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला तर उत्तरेस पैनगंगा आणि वर्धा, पूर्वेस प्राणहिता आणि दक्षिणेस गोदावरी असे तीन बाजूंनी पाण्याचेच कुंपण दिसते. महामार्गांवर पूल झाले. दोन पुलांमधील गावांना मात्र नदी ओलांडायची तर नावाड्याचा हात हाच पूल असतो.

या हातात जे साधन असते त्याविषयी आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. आपल्याकडे नावेचा विचार ती बुडाल्यानंतरच होतो. १५ सप्टेंबर २०१९ रोजी पूर आलेल्या गोदावरीत आंध्र प्रदेशातील कच्चुलूरजवळ 'रॉयल वसिष्ठ' ही पर्यटकांची नौका बुडाली आणि सुमारे पन्नास माणसे प्राणास मुकली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात प्राणहितेत एक छोटी नाव उलटून वनखात्याचे दोन कर्मचारी वाहून गेले. २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ, मिरची तोडणीच्या मजुरीसाठी वैनगंगा ओलांडणाऱ्या स्त्रियांची नाव बुडाली. पोटासाठी नदीपार जाणाऱ्या त्या बाया परत आल्या नाहीत. आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी, ज्या मुंबईला आपण देशाचे महाद्वार म्हणतो तिच्या अगदी उंबरठ्यावर, घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी नौकेवर इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची एक वेगवान नौका येऊन आदळली. तिच्यावरील ताबा सुटला होता, असे नौदलानेच सांगितले. तेथेही तेराहून अधिक जीव गेले.

या सर्व अपघातांची कारणे एक नव्हती, आणि आम्ही ती एका सूत्रात ओवू इच्छित नाही. कोठे पूर होता, कोठे नाव लहान होती, कोठे यंत्राचा दोष होता. परंतु प्रत्येक अपघातानंतर होणारा सरकारी विधी मात्र एकच असतो. मदतीची रक्कम जाहीर होते, चौकशीचा आदेश निघतो, जीवरक्षक जाकिटांची सक्ती पुन्हा एकदा घोषित होते, आणि काही आठवड्यांनी सारे पूर्ववत होते. जाकिटे हवीतच, नावेत माणसे मर्यादेतच भरली पाहिजेत, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु हे सारे उपाय नाव बुडाल्यानंतरचे किंवा तिच्या भाराचे आहेत. नाव जो वळवितो, थांबवितो आणि वाचवितो त्या माणसाच्या हाताला त्याचे साधन पेलते काय, ते त्याच्या सवयीशी जुळते काय, संकटाच्या क्षणी ते त्याला फसवीत तर नाही ना, हा प्रश्न आपल्या चौकशी समित्यांच्या प्रश्नावलीत क्वचितच असतो.

हा प्रश्न कल्पनेतून काढलेला नाही. नौका वळविण्याच्या साधनांना आपापले व्याकरण असते, आणि ही व्याकरणे परस्परविरोधी आहेत. वल्ह्याने किंवा लांब काठीने नाव चालविणारा नावाडी पाण्याला रेटा देतो आणि त्या रेट्याच्या उलट दिशेला नावेचे तोंड वळते. पिछाडीला बसवलेल्या सुकाणूच्या दांडीचेही तसेच. दांडी उजवीकडे ढकलली की नाव डावीकडे वळते. आज कोकणात आणि नदीकाठी जी लहान, पिछाडीला टांगलेली इंजिने दिसतात, त्यांची हातदांडीही हाच नियम पाळते. पण तोच माणूस उद्या चाकाच्या सुकाणूपुढे उभा राहिला तर नियम उलटतो. चाक उजवीकडे फिरविले की नौका उजवीकडे जाते. आणि आता ज्या नव्या साधनाचा बोलबाला आहे त्या जॉयस्टिकचा नियम आणखी निराळा. दांडी जिकडे कलवावी तिकडे नौका सरकते, आडवी ढकलली तर आडवी, पिळली तर जागच्या जागी फिरते. ज्याने आयुष्याची तीस वर्षे पहिल्या व्याकरणात काढली, त्याच्या हातात तिसऱ्या व्याकरणाचे साधन दिले तर शांत पाण्यात तो ते महिन्याभरात शिकेल. पण समोर खडक दिसला की माणूस नवे शिकलेले विसरतो. त्या क्षणी त्याचा हात जुन्याच वळणावर जातो.

मोठ्या जहाजांच्या जगाने हा गोंधळ अनुभवलेला आहे. 'टायटॅनिक' हिमनगावर आदळली ती १४ एप्रिल १९१२ च्या रात्री. त्या काळी ब्रिटिश जहाजांवर सुकाणूचे हुकूम दांडीच्या दिशेने दिले जात. दांडी अदृश्य होऊन चाके आली होती, तरी 'उजवीकडे' असा हुकूम म्हणजे जहाजाचे तोंड डावीकडे, हीच परंपरा चालू होती. हिमनग दिसल्यावर त्या रात्री दिला गेलेला हुकूमही याच रीतीचा होता. १९२९ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा कराराने ठरविले की यापुढे हुकूम जहाज ज्या बाजूला वळवायचे त्याच बाजूच्या नावाने द्यावेत. ब्रिटनने ते १ जानेवारी १९३३ पासून अंमलात आणले. शिडे गेली, वाफ आली, चाके आली. पण भाषा दांडीच्याच काळात राहिली होती. साधन बदलले आणि माणसाच्या मनातील नकाशा बदलला नाही, तर त्या दोहोंमधील फटीत अपघात दबा धरून बसतो, हा त्या इतिहासाचा अर्थ आहे.

आता जॉयस्टिककडे वळू. हा शब्द प्रथम विमानाच्या दांडीसाठी रूढ झाला आणि तेथून खेळण्यांपर्यंत व चाकाच्या विजेऱ्या खुर्च्यांपर्यंत पोहोचला. नौकांत त्याचा खरा प्रसार या शतकातला. स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीने २००५ मध्ये नौकेच्या तळाशी स्वतंत्रपणे फिरणारे पंखे बाजारात आणले आणि पुढच्याच वर्षी ते एका दांडीने हाताळण्याची सोय केली. या यंत्रणेत दांडी आणि सुकाणू यांच्यामध्ये दोर, साखळी वा तेलाची नळी नसते. दांडी किती कलली हे मोजून विजेचा संकेत एका संगणकाकडे जातो, आणि कोणता पंखा कोठे वळवावा व किती वेगाने फिरवावा हे तो संगणक ठरवितो. अरुंद धक्क्यावर, वारा आडवा असताना, जड नौका बाजूला लावण्याचे जे कसब मुरलेल्या तांडेलालाच साधे, ते यामुळे नवख्यालाही साधू लागले. हा लाभ मोठा आहे आणि तो नाकारण्याचा हेतू आमचा नाही.

परंतु मध्ये संगणक आला की दांडीचा स्वभाव ही ठरविण्याची गोष्ट होते. दांडी किती हलेपर्यंत नौकेने काहीच करू नये? थोड्या हालचालीला थोडा प्रतिसाद द्यावा की एकदम जोराचा? हात सोडला की दांडी मध्यावर परत यावी की आहे तेथेच राहावी? ती उजव्या हाताला असावी की डाव्या? यांतील एक भेद तर जिवावर बेतणारा आहे. सुकाणूच्या काही दांड्या अशा असतात की दांडी जितकी वळविली तितकेच सुकाणू वळते आणि दांडी मध्यावर आणली की सुकाणूही मध्यावर येते. दुसऱ्या प्रकारात दांडी दाबून धरली आहे तोवर सुकाणू वळतच राहते आणि हात सोडला की ते जेथे असेल तेथेच थांबते. दोन्ही दांड्या दिसायला सारख्या असू शकतात. पहिल्या प्रकाराची सवय असलेल्या माणसाने दुसऱ्या प्रकारची दांडी सोडून दिली, तर सुकाणू सरळ झाले असे समजून तो निर्धास्त राहील आणि नौका मात्र गोल वळत राहील.

यंत्राच्या स्वभावाचा आणि माणसाच्या समजुतीचा मेळ न बसल्याने काय होते, याचा धडा जगातील सर्वांत श्रीमंत आरमाराला मिळालेला आहे. २१ ऑगस्ट २०१७ रोजी पहाटे सिंगापूरजवळच्या गर्दीच्या सागरी मार्गात अमेरिकेची 'जॉन एस. मॅक्केन' ही विनाशिका एका तेलवाहू जहाजाच्या वाटेत आडवी गेली. दहा नाविक मृत्यू पावले. जहाजाचे यंत्र बिघडले नव्हते, सुकाणूही शाबूत होते. सुकाण्यावरील ताण कमी करावा म्हणून वेगाचे नियंत्रण शेजारच्या माणसाकडे सोपविण्याचा हुकूम झाला. नियंत्रणाची सारी व्यवस्था काचेच्या पडद्यावरील स्पर्शाने चालणारी होती. त्या अदलाबदलीत सुकाणूचेही नियंत्रण नकळत दुसऱ्या जागी गेले, आणि चाकापुढील माणसाने सुकाणू निकामी झाल्याचे ओरडून सांगितले. दोन पंख्यांपैकी एकाचाच वेग कमी झाल्याने जहाज आणखी वळले. सुकाणू हाती असलेले माणूस जहाजावर होते, पण ते आपल्या हाती आहे हे त्याला वेळेवर उमगले नाही. चौकशीत प्रशिक्षणाची उणीव तर दिसलीच, पण त्या पडद्याच्या रचनेवरही ठपका आला. त्यानंतर ताफ्यातील नाविकांची मते घेण्यात आली, आणि वेगाच्या नियंत्रणासाठी हाताला लागणाऱ्या धातूच्या दांड्या परत बसविण्याचा निर्णय त्या आरमाराने २०१९ मध्ये जाहीर केला. अब्जावधींची जहाजे बांधताना जे नाविकांना विचारावयास हवे होते, ते दहा जणांच्या मृत्यूनंतर विचारले गेले.

आता पुन्हा पैनगंगेच्या तीरावर येऊ. तेथील भोई, ढिवर, बेस्त किंवा गंगपुत्र समाजाच्या नावाड्याने कोणत्याही विद्यापीठात मानव आणि यंत्र यांच्या संबंधाचा अभ्यास केलेला नसतो. पण आपले वल्हे आपल्या उंचीला, आपल्या खांद्याला आणि आपल्या बसण्याला जुळेल असे तो घडवून घेतो. मूठ जाड वाटली तर तासतो, घसरत असली तर तिला सुतळी गुंडाळतो. बापाचे वल्हे मुलाच्या हाताला बसेलच असे नाही, हे त्याला ठाऊक असते. आमच्या कोकणातही उलांडीच्या होडीपासून मोठ्या गलबतापर्यंत प्रत्येक नौका तांडेलाच्या सांगण्यावरून घडत आली. सुतार आणि सुकाण्या यांच्यात संगणक नव्हता, अभियंता नव्हता, निविदा नव्हती. दोघे एकाच वाळूत उभे राहून बोलत. साधन वापरणाराच्या पसंतीप्रमाणे जुळविणे ही पश्चिमेकडून आलेली चैन आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी एखाद्या जुन्या वल्ह्याची झिजलेली मूठ हातात धरून पाहावी.

नावाड्याचे हे जग बदलणार आहे आणि ते बदललेच पाहिजे. नदीही बदलत आहे. पैनगंगेवरील चनाखा-कोरटा बंधाऱ्याविषयी महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्यात ऑगस्ट २०१६ मध्ये करार झाला, आणि पुढे तेथे बंधारा उभा राहिला. नदी अडविली की वरच्या अंगाला पाणी साचते. जेथे काठी तळाला टेकवून नाव रेटता येत असे तेथे ती टेकेनाशी होते. उथळ पाण्यात ज्याचा हात पक्का, तो खोल पाण्यात एका नव्या विद्येचा विद्यार्थी होतो. दरवाजे उघडले की प्रवाहाचा वेगही बदलतो. इंजिन हे त्या परिस्थितीला एक उत्तर आहे, आणि आज ना उद्या विजेवर चालणाऱ्या लहान नौकाही या नद्यांवर येतील. केरळात कोचीच्या जलमार्गावर २०२३ पासून बॅटरीच्या बळावर प्रवासी नौका धावत आहेत. तेव्हा आदिलाबादच्या घाटावर यंत्र येणार की नाही, हा वाद संपल्यातच जमा आहे. ते यंत्र कसे येणार, कोणाला विचारून येणार, हे मात्र अजून आपल्या हातात आहे.

विचारल्यावाचून आणलेल्या यंत्राचे काय होते, याचे उदाहरण स्वतंत्र भारताच्या अगदी पहिल्या विकासयोजनांत सापडते. १९५३ साली त्या वेळच्या त्रावणकोर-कोचीन राज्यात नींडकर येथे नॉर्वेच्या साह्याने मासेमारीच्या यांत्रिकीकरणाचा प्रकल्प सुरू झाला. हेतू निर्मळ होता, मदत उदार होती. परंतु स्थानिक होड्यांना इंजिन जुळेना, म्हणून नव्या घाटाच्या नौका आल्या. त्या नौकांचा उपयोग पुढे कोळंबीच्या निर्यातीसाठी झाला आणि ज्यांच्याजवळ भांडवल होते त्यांच्या पदरात लाभाचा मोठा वाटा पडला. काही दशकांनंतर पारंपरिक मच्छीमारांनी आपल्या होड्यांना बाहेरची इंजिने बसविली, तेव्हा होडीची आणि इंजिनाची सांगड त्यांनी स्वतःच्या हाताने घातली. पहिला प्रयोग तज्ज्ञांचा होता, दुसरा वापरणारांचा. यांतून सरकारी खात्यांनी घ्यावयाचा बोध उघड आहे.

येथे एक रास्त आक्षेप येईल, आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. प्रत्येक नावाड्याने आपल्या मर्जीप्रमाणे साधन जुळवून घेतले तर एकाची नाव दुसऱ्याला चालविता येणार नाही. नावाडी आजारी पडला आणि त्याचा भाऊ नावेवर चढला तर काय? अपघातप्रसंगी एखाद्या उताराने दांडी हातात घेतली तर काय? एकरूपता हीच सुरक्षितता नाही काय? १९३३ ची सुधारणा म्हणजे तरी सर्व जहाजांवर एकच रीत आणणे नव्हते काय?

आक्षेपात तथ्य आहे, आणि त्यामुळेच कोठे एकरूपता आणि कोठे मोकळीक, ही रेषा नीट आखली पाहिजे. दांडी कोणीकडे नेली असता नाव कोणीकडे वळेल, हे एका घाटावरील सर्व नावांत एकच असावे. इंजिन तत्काळ बंद करण्याची कळ सर्वत्र एकाच जागी, एकाच रंगाची असावी. नियंत्रण या क्षणी कोणत्या जागी आहे, हे डोळ्यांना एका दृष्टिक्षेपात दिसावे. हात सोडल्यावर यंत्र काय करील, हे सर्वांना ठाऊक असावे. या चार गोष्टींत कोणाच्याही मर्जीला वाव नको. परंतु दांडीची उंची, मुठीची जाडी, ती ढकलण्यास लागणारा जोर, तिचा उजवा-डावा हात, बसण्याची किंवा उभे राहण्याची रीत, आणि संगणक असेल तर तिच्या प्रतिसादाची तीव्रता, या गोष्टी माणसागणिक बदलता आल्या पाहिजेत. आणि नवे माणूस दांडीवर आले की एका कळीने सारे मूळ स्थितीवर यावे. वाहनाची बैठक पुढेमागे सरकविता येते, म्हणून कोणी ब्रेक आणि गती यांच्या जागा अदलाबदल करीत नाही. मोठ्या जहाजांसाठी सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांत, २००२ पासून, सुकाणूकक्षाची रचना माणसाच्या चुका कमी व्हाव्यात अशा बेताने करण्याची अट आहे. जे तत्त्व लाख टनांच्या जहाजाला लागू, ते वीस माणसांच्या नावेला लागू का नसावे?

पसंती या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. पसंती म्हणजे लहर, असा त्याचा अर्थ लावला जातो. पण ज्याचा खांदा चाळीस वर्षे वल्हे मारून निकामी झाला आहे, ज्याची बोटे जाळ्याच्या दोराने तुटली आहेत, जो जन्मतः डावखुरा आहे, त्याची पसंती म्हणजे त्याची उपजीविका असते. इंग्लंडच्या हिलरी लिस्टर या बाईंना मानेखाली शरीर हलविता येत नव्हते. त्यांनी तोंडातील नळ्यांतून श्वास ओढून आणि फुंकून सुकाणू व शिडे हाताळली. २००५ साली त्यांनी इंग्लिश खाडी एकटीने पार केली आणि २००९ साली संपूर्ण ब्रिटनला शिडाच्या नौकेने प्रदक्षिणा घातली. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या 'हान्सा' जातीच्या छोट्या होड्यांत चालक पुढे तोंड करून खाली बसतो आणि समोरच्या एका दांडीने होडी वळवितो. त्यामुळे धडधाकट आणि अपंग एकाच पाण्यात शर्यत करू शकतात. त्यांतील साध्या होड्यांच्या दांडीमागे कोणताही संगणक नाही. साधनाने माणसाकडे एक पाऊल टाकले, की माणूस उरलेली वाट स्वतः चालतो. आपल्या संसदेने २०१६ साली अपंगांच्या हक्कांचा कायदा केला. त्या कायद्याचे शब्द सचिवालयांच्या उतरत्या फरशीपर्यंत कसेबसे पोहोचले आहेत. नदीच्या घाटापर्यंत ते अजून उतरावयाचे आहेत.

गरिबाच्या डोंग्याला जॉयस्टिक कशाला, असे कोणी कुत्सितपणे विचारील. आदिलाबादच्या प्रत्येक नावेला स्वीडनची दांडी लावा, अशी आमची मागणी नाही. खाऱ्या वा गढूळ पाण्यात विजेचे नाजूक जोड गंजतात, दुरुस्तीचा माणूस जवळपास नसतो, आणि संगणक बंद पडला तर हाताने नाव वळविण्याची पर्यायी सोय नसेल तर ते साधन म्हणजे सापळाच. आमची मागणी त्या दांडीमागील विचाराची आहे, आणि तो विचार स्वस्त आहे. इंजिनाच्या हातदांडीला जोडावयाचा एक नळीचा तुकडा नावाड्याला उभे राहून पुढचे पाणी पाहू देतो. चालकाच्या मनगटाला बांधलेली एक दोरी, तो पाण्यात पडताच इंजिन बंद करते आणि फिरत्या पंख्यापासून त्यालाच वाचविते. मुठीचे रबर, पायाला आधार देणारी एक फळी, डाव्या हाताला फिरविता येणारा खिळा, एवढे काम तालुक्याच्या गावचा लोहार आणि सुतारही करील. अडचण पैशाची कमी आणि विचारण्याच्या सवयीची अधिक आहे.

तेव्हा शासनाने काय करावे? अंतर्देशीय नौकांविषयीचा १९१७ चा जुना कायदा जाऊन त्या जागी २०२१ चा नवा कायदा आला. यांत्रिक नौकांची नोंदणी, तपासणी आणि चालकांची पात्रता यांची चौकट त्यात आहे. यंत्र नसलेल्या नावांची नोंद स्थानिक संस्थांकडे सोपविण्याचीही तरतूद आहे. चौकट आहे, ती भरावयाची आहे. महाराष्ट्र आणि तेलंगण यांनी पाणी वाटून घेण्यासाठी करार केले. त्याच पाण्यावरून जाणाऱ्या माणसांसाठीही एकत्र बसावे. एका तीरावर एक नियम आणि दुसऱ्या तीरावर दुसरा, अशी अवस्था राहिली तर नदीच्या मध्यावर नावाड्याने कोणत्या राज्याची नाव चालवायची? पैनगंगा, वर्धा आणि प्राणहिता यांच्या दोन्ही तीरांवरील घाटांची एक सामाईक यादी व्हावी. त्या घाटांसाठी सुकाणूच्या दिशेचा आणि इंजिन बंद करण्याच्या कळीचा एकच नियम असावा.

दुसरे, कोणत्याही योजनेतून नावा किंवा इंजिने खरेदी करण्यापूर्वी दोन-तीन नमुने प्रत्यक्ष घाटावर एक पावसाळा आणि एक उन्हाळा नावाड्यांच्या हाती द्यावेत, आणि त्यांचा अभिप्राय मराठी, तेलुगू वा गोंडी, ज्या भाषेत ते देतील त्या भाषेत, लिहून घेऊन खरेदीच्या कागदांना जोडावा. अभिप्रायाविना आलेला प्रस्ताव अपुरा समजावा. तिसरे, चालकाचे प्रशिक्षण वर्गातील फळ्यावर होऊ नये. ज्या साधनावर तो उद्या बसणार त्याच साधनावर, भरलेल्या नावेत, वाहत्या पाण्यात व्हावे. साधन बदलले की प्रशिक्षण पुन्हा व्हावे. चौथे, यापुढील प्रत्येक अपघाताच्या चौकशीत एक प्रश्न अनिवार्य असावा. चालकाच्या हातातील साधन काय होते आणि ते त्याच्या हाताला व सवयीला जुळणारे होते काय? या प्रश्नाचे उत्तर दहा चौकश्यांत नोंदले गेले, तरी अकरावा अपघात टाळण्याचा मार्ग दिसू लागेल.

आमच्या कोकणकिनाऱ्यालाही यातून सुटका नाही. भाऊच्या धक्क्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत आज दांडीची, चाकाची आणि संगणकाची अशी तिन्ही व्याकरणे एकाच पाण्यात वावरत आहेत. आज लाकडी मचव्यावर असलेला खलाशी उद्या नव्या वेगवान नौकेवर नोकरीस लागतो आणि सवय बरोबर घेऊन जातो. तेव्हा पैनगंगेच्या घाटासाठी जे मागितले तेच आम्ही मांडवा, दाभोळ आणि मालवण यांच्यासाठीही मागत आहो.

लोकशाहीत सत्तेच्या सुकाणूविषयी आपण रोज बोलतो. ते कोणाच्या हाती असावे, यावर निवडणुका लढविल्या जातात. पण ज्या सुकाणूवर रोज शाळेची मुले, मजूर बाया, बाजारचे गाठोडे आणि प्रसूतीला निघालेली लेक विसंबून असते, त्या खऱ्याखुऱ्या लाकडी सुकाणूविषयी त्याच्या धन्याला एक प्रश्नही कोणी विचारीत नाही. पैनगंगेला पुढचा पूर येईल तेव्हा दोन्ही राज्यांचे अधिकारी घाटावर पाहणीस जातीलच. त्यांनी या खेपेस पूर येण्याआधी जावे, नावाड्याच्या शेजारी फळीवर बसावे, आणि ही दांडी तुझ्या हाताला बसते काय, एवढे विचारावे.